रंग काय भाव, भाऊ?

'सत्तर हजार.'

'किती?'

'मॅडम, राउंड फिगर सांगतोय. पंचवीस वर्षांचं नाव आहे आपलं.'

त्या क्षणी माझा चेहरा आमच्या हॉलच्या भिंतीइतकाच पांढराफटक झाला असणार. खरं तर भिंतीपेक्षा जास्तच, कारण आमची भिंत एव्हाना पिवळट पडली होती. टीव्हीमागे धुळीचा चौकोन, स्विचबोर्डभोवती बोटांचे ठसे आणि बेडरूमच्या कोपऱ्यात ओलीनं धरलेला, दर पावसाळ्यात थोडा मोठा होणारा नकाशा. कोथरूडमधला हा आमचा टू बीएचके. शेवटचा रंग लागला तेव्हा मी कॉलेजात होते.

या वेळी रंगाचा खर्च मी करणार, असं मोठ्या तोऱ्यात आईला सांगून बसले होते. फ्रीलान्सिंग करणाऱ्या पोरीनं घरासाठी केलेला पहिला मोठा खर्च! नव्या लॅपटॉपसाठी वर्षभर बाजूला टाकलेले चाळीस हजार माझ्याकडे होते. लॅपटॉप थांबेल, दिवाळी थांबणार नाही, असा आपला साधा सरळ हिशोब.

मग कोटेशन्स यायला लागली, आणि हिशोबाचा पार बोऱ्या वाजला.

तीन माणसं, तीन आकडे

पहिले आले सोसायटीच्या वॉचमननं सुचवलेले रंगारी काका. मूळचे सोलापूरकडचे, वय पन्नाशीचं, शर्टाच्या बाहीवर निदान सात शेड्स. त्यांनी घरभर एक चक्कर मारली, भिंतीवर नख घासून पाहिलं आणि म्हणाले, 'अठरा हजार. माल-मजुरी धरून, अंगावर.'

दुसरे होते रंगाच्या दुकानातून आलेले कॉन्ट्रॅक्टर. हातात शेडकार्ड, गळ्यात ब्लूटूथ. त्यांनी विचारलं, 'फ्लॅट किती स्क्वेअर फूट?' मी अग्रीमेंटमधला आकडा सांगितला : ७८०. त्यांनी मोबाइलवर गुणाकार केला आणि सांगितला तो वरचा सत्तर हजारांचा आकडा.

तिसरी होती ऑनलाइन बुक करता येणारी पेंटिंग सर्व्हिस. टी-शर्ट घातलेला एक चुणचुणीत मुलगा आला. लेझरच्या यंत्रानं त्यानं प्रत्येक भिंत मोजली आणि संध्याकाळी ईमेलवर चार पानी कोटेशन पाठवलं. १,८२० चौरस फूट, दर ३२ रुपये, म्हणजे ५८,२४०. त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण ६८,७२३.

अठरा, सत्तर आणि एकोणसत्तर! एकच घर, त्याच भिंती. 'अठरावाल्याला सांगून टाक,' आईनं निकाल देऊन टाकला. 'बाकीचे लुटायला बसलेत.'

तुमच्यापैकी बहुतेक जण इथेच थांबतात. मीही थांबले असते. पण मासकॉमला आम्हाला एक गोष्ट घोकून घेतली होती : तीन जण तीन वेगळी उत्तरं देत असतील, तर आधी प्रश्न तपासा. म्हणून मी टेप आणि वही घेतली आणि स्टुलावर चढले.

आधी भिंत मोजा, बॉस!

रंगाच्या बाबतीतला पहिला फंडा म्हणजे रंग फरशीला लागत नाही, भिंतीला लागतो. ऐकायला बावळटपणाचं वाटतं, पण निम्मा घोळ इथेच असतो.

दहा बाय बाराची खोली घ्या. फरशी १२० चौरस फूट. छताची उंची नऊ फूट धरली, तर चारही भिंतींचं क्षेत्रफळ होतं ३९६ आणि छताचे १२० वेगळे. म्हणजे एकूण ५१६. फरशीच्या चौपटीहून जास्त! किचन-बाथरूमच्या टाइल्स आणि दारं-खिडक्या वजा केल्या, की अख्ख्या घराचा हिशोब कार्पेट एरियाच्या साधारण साडेतीन पटीपर्यंत येतो. रंगारी मंडळींचा हा जुना ठोकताळा आहे आणि अंदाजापुरता तो ठीक आहे.

पण साडेतीन पट कशाची? आमच्या अग्रीमेंटमधले ७८० हे सुपर बिल्ट-अप आहेत. त्यात जिना, लॉबी, भिंतींची जाडी सगळं आलं. २०१६ च्या रेरा कायद्यानं कार्पेट एरियाची पक्की व्याख्या केली, पण त्याआधीच्या इमारतींच्या कागदांवर असे फुगलेले आकडे सर्रास असतात. आमचा खरा कार्पेट एरिया भरला ५६० चौरस फूट. दुसऱ्या साहेबांनी ७८० ला साडेतीननं गुणलं होतं, म्हणजे २,७३०. मी मोजलेल्या भिंती आणि छत मिळून भरले जेमतेम १,८००.

म्हणजे ९३० चौरस फूट 'हवेला' रंग लागणार होता! त्यांच्या २६ रुपयांच्या दरानं हे होतात २४,१८० रुपये. मी फोन करून हे सांगितलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, 'मॅडम, मोजून घेऊ की. तुम्ही बोलला नाहीत.' बरोबर आहे. मी बोलले नव्हते. जो विचारत नाही, त्याचा आकडा राउंड फिगरच राहतो.

मोजून त्यांचा आकडा सत्तेचाळीस हजारांच्या आसपास आला. तरीही अठरा आणि सत्तेचाळीस यांच्यात भलीमोठी दरी होतीच. आता पाळी अठरा हजारवाल्या काकांची.

अठरा हजारांत काय 'नाही'?

काकांना पुन्हा बोलावलं. आईनं चहा ठेवला. मी म्हटलं, 'काका, खरं सांगा. अठरा हजारांत काय काय करणार?'

त्यांनी बशीत चहा ओतला. 'ताई, अठरा हजारांत काय काय करणार नाही, ते विचारा.'

आणि त्यांनी बोटं मोडायला सुरुवात केली. जुना रंग खरवडणार नाही, फक्त सुटलेले पोपडे काढणार. पूर्ण पुट्टी नाही, खड्ड्यांना टचिंग. प्रायमर नाही. स्वस्तातला रंग, दोन हात. दोन माणसं, पाच दिवस, विषय संपला.

'आणि टिकेल किती?'

'दिवाळी निघेल की,' काका म्हणाले. 'ताई, लोकं भाव विचारतात, काम विचारत नाहीत. भाव विचारला की मी भाव सांगतो.'

मी वही पुढे केली. 'बरं, आता काम विचारते. हे तुमचंच घर आहे असं समजा. काय काय कराल?'

काका उठले. या वेळी त्यांनी घराला चक्कर मारायला चांगला पाऊण तास घेतला. हॉलच्या भिंतीवर तळहात फिरवला, मोबाइलचा टॉर्च लावून तो भिंतीला चिकटवून धरला. तिरप्या उजेडात आमची 'सपाट' भिंत एकदम कोकणातल्या रस्त्यासारखी दिसायला लागली. सगळे उंचवटे, खळगे, मागच्या वेळची ब्रशची फराटी. (ही ट्रिक लक्षात ठेवा. काम संपल्यावर चेकिंगलाही हीच वापरायची.)

मग त्यांनी हिशोब सांगितला आणि मी लिहून घेतला.

खरवडणं, तडे भरणं, पुट्टीचे दोन हात, प्रत्येक हात वाळल्यावर पॉलिशपेपरनं घासाई, प्रायमर, त्यावर चांगल्या इमल्शनचे दोन हात, शेवटी दारं आणि ग्रिलला ऑइलपेंट. दोन माणसं, बारा दिवस. कारागिराची हजेरी हजार रुपये, हेल्परची सातशे. मजुरी झाली २०,४००. पुट्टी, प्रायमर, रंग, टेप, प्लास्टिक सगळं धरून माल १६,८००. शिडी-घोडा, टेम्पो आणि काकांचे स्वतःचे मिळून ४,८००. एकूण बेचाळीस हजार.

हे झाले आमच्या घराचे, आमच्या भागातले आकडे. तुमच्याकडे हजेरी वेगळी असेल. पण हिशोबाची ही मांडणी कुठल्याही शहरात चालते. आता मजा बघा. अठरा हजार आणि बेचाळीस हजार यांच्यात फरक चोवीस हजारांचा. त्यातले ८,८०० मालाचे, ३,३०० काकांचे आणि उरलेले ११,९०० रुपये फक्त सात जादा दिवसांचे. माझा मेंदू इतके दिवस शेडकार्डात अडकला होता. आयव्हरी घ्यायचा की ऑफ-व्हाइट, मॅट की सॅटिन... आणि पैसे मात्र जात होते दिवसांना.

दुकानात जाऊन मी मुद्दाम विचारून आले. आम्ही निवडलेला मधल्या दर्जाचा रंग आणि त्याच कंपनीचा सगळ्यात वरचा, यांच्यात लिटरमागे साधारण अडीचशे रुपयांचा फरक होता. आमच्या भिंतींना लागणार दहा लिटर. म्हणजे फरक २,५००, दोन माणसांची दीड दिवसाची हजेरीसुद्धा नाही. न घासलेल्या भिंतीवर महागातला रंग लावणं म्हणजे इस्त्री न केलेल्या शर्टावर ब्रँडेड टाय लावण्यासारखं आहे. आणि चकचकीत फिनिश घ्याल तर खळगे आणखी उठून दिसतात, ते वेगळंच.

'सदतीसमध्ये करा ना!'

आता खरी परीक्षा. आई बाहेर आली. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी दहा मिनिटं घालणारी माझी आई. 'अहो, बेचाळीस फार होतात. सदतीसमध्ये करा. पोरगी स्वतःच्या पैशातून करतेय.'

काका काही बोलले नाहीत. हसले फक्त. आणि मी वहीकडे बघत बसले. पाच हजार कमी करायचे, तर ते नेमके कुठून जाणार? मालाचं बिल दुकानदाराचं, ते हलणार नाही. काकांच्या वाट्याचे ४,८००, ते सगळे सोडले तरी दोनशे कमीच पडतात. उरले दिवस. दोन माणसांची एका दिवसाची हजेरी १,७००. तीन दिवस उडवले की ५,१००. झालं काम! आणि ते तीन दिवस कुठले असतील? रंग लावायचे नक्कीच नाहीत, ते दिसतात. जातील ते घासाईचे आणि वाळायचे दिवस. म्हणजे जे आपल्याला दिसत नाहीत ते. किंवा मग दिवस तेवढेच राहतील आणि हेल्पर पोराची हजेरी सातशेवरून खाली येईल.

हे लिहिताना मला थोडी लाज वाटतेय, कारण हा सीन मला पाठ आहे. फक्त मी नेहमी काकांच्या जागी असते. लेख कमिशन करणारे मला सांगतात, 'स्टोरी मस्त आहे गं, पण मानधन थोडं ॲडजस्ट कर ना.' मीही काही बोलत नाही. हसते फक्त. आणि मग चार जणांना भेटायचं असतं तिथे दोघांना भेटून लेख उरकते.

'आई, राहू दे,' मी म्हटलं. 'काका, पैसे कमी करण्यापेक्षा काम कमी करता येईल का?'

काका लगेच म्हणाले, 'येईल की. छताला स्वस्तातला पांढरा चालतो, तिथे कोण हात लावतंय? दारांचा ऑइलपेंट चांगला आहे, ती पुढच्या वर्षी करा. फर्निचर तुम्ही हलवून ठेवा, अर्धा दिवस वाचतो. आणि ती भिंत,' त्यांनी बेडरूमकडे बोट केलं, 'ती मी घेतच नाही.'

नकाशाची भिंत

दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टर साहेबांनी त्या ओलीच्या भिंतीसाठी 'डॅम्पप्रूफ कोट' सुचवला होता, वेगळे सहा हजार. काका मात्र हटून बसले. 'भिंतीत पाणी आतून येतंय. वर काय पण लावा, खार फुटून बाहेर येणार. वरच्या घरात नहाणी ट्रॅप बघा आधी.'

वरच्या काकूंना सांगायचं हे मोठंच टेन्शन होतं. पण त्या बिचाऱ्या लगेच तयार झाल्या. प्लंबर आला, ट्रॅपच्या सांध्यातूनच पाणी झिरपत होतं. दुरुस्तीचा खर्च त्यांनी केला, आम्ही दिवाळीचा फराळ जरा जास्तच पाठवला. भिंत मात्र वाळायला सोडून दिली.

दारं वगळून, छताला साधा रंग धरून आणि ती भिंत सोडून काकांचा आकडा आला छत्तीस हजार. माझ्या चाळीसच्या आत! कुणाचीही हजेरी न कापता.

मग कंपनीची सर्व्हिस वाईट का? अजिबात नाही. त्यांचं मोजमाप माझ्या टेपशी जुळत होतं, कोटेशनमध्ये प्रत्येक हात लिहिलेला होता, घासाईचं यंत्र धूळ ओढून घेणारं होतं आणि वर लेखी वॉरंटी. नवरा-बायको दोघंही सकाळी नऊ ते रात्री नऊ ऑफिसात, घरी लक्ष द्यायला कुणी नाही, अशा घरांसाठी ते जादा पैसे वसूल आहेत. सुपरवायझर तुमच्या जागी उभा राहतो, त्याचे ते पैसे. तुमच्या चार रजांची किंमतही धरून बघा एकदा. मी घरून काम करते, त्यामुळे सुपरवायझर मीच.

आणि खरं सांगू? ते दहा-अकरा दिवस मजेत गेले. लॅपटॉप किचनच्या ओट्यावर, डोक्याला ओढणी, दर तासाला चहा. हेल्पर मुलगा जेमतेम विशीतला. घासाईच्या वेळी त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या व्हायच्या. तोंडाला नुसता रुमाल. दुसऱ्या दिवशी मी मेडिकलमधून मास्कचं पाकीट आणलं. जुन्या घरांत ही धूळ साधी नसते, विशेषतः दारं-ग्रिलच्या जुन्या ऑइलपेंटची. रंगातल्या शिशावर आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी मर्यादा घातली, ९० पीपीएमची, आणि ती २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात काय असेल सांगता येत नाही. तेव्हा घरात लहान मूल असेल, तर घासाईच्या दिवसांत त्याला आजीकडे पाठवा आणि घासणाऱ्याला मास्क द्या. कोटेशनमध्ये ही ओळ कुणी लिहीत नाही.

दिवाळीला घर झक्कास दिसत होतं. फक्त बेडरूमची एक भिंत तेवढी उघडी, सिमेंटची. आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं विचारलं, 'हे राहिलं वाटतं?' आईनं पहिल्या दोघांना लाजत लाजत सांगितलं. तिसऱ्याला मात्र ठसक्यात म्हणाली, 'राहिलं नाही, ठेवलंय. वाळतेय ती.'

जानेवारीत काका परत आले. भिंतीवर हात ठेवून म्हणाले, 'आता घेतो.' उरलेल्या मालात काम झालं, मजुरी घेतली दोघांची फक्त एका दिवसाची. आणि हो, यंदाचा अख्खा पावसाळा गेला. नकाशा परत उगवलेला नाही.

परवा एका संपादकांचा फोन आला होता. 'विषय छान आहे, पण मानधन जरा...' मी नेहमीसारखी हसणार होते. मग म्हटलं, 'चालेल ना. फक्त सांगा, कुठला हात कमी करू?'

ते हसले. आकडा मात्र बदलला नाही त्यांनी. लेखाचा.

'हो' म्हणण्याआधी...

• दर विचारताना 'किती रुपये फूट?' एवढंच नका विचारू. कुठले फूट? भिंतीचे की अग्रीमेंटचे? दारं-खिडक्या वजा केल्यात का? टेप स्वतः लावा, संध्याकाळभराचं काम आहे.

• तिन्ही कोटेशन्स एकाच कामासाठी घ्या. खरवडणं, पुट्टीचे किती हात, घासाई, प्रायमर, रंगाचं नेमकं नाव आणि किती हात, हे कागदावर लिहून तिघांनाही तोच कागद द्या. मगच आकड्यांची तुलना करा.

• माणसं किती आणि दिवस किती, हे विचाराच. आकडा फारच कमी असेल तर उत्तर इथेच सापडतं.

• शक्य असेल तर रंग स्वतः आणा. बिल घ्या, सीलबंद डबा समोर उघडा. डब्यासोबत रंगाऱ्यांसाठी टोकन किंवा स्कॅन करायचा कोड येतो, त्याचे पैसे त्यांना मिळतात. ते त्यांना खुशाल घेऊ द्या, पण कुठला रंग घ्यायचा हे त्यावर ठरू देऊ नका.

• रंगात पाणी किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. पहिल्या दिवशी वाचा आणि वाचलंय हे सहज बोलून दाखवा. पुरेसं असतं.

• सगळे पैसे आधी देऊ नका आणि सगळे अडवूनही ठेवू नका. थोडे सुरुवातीला, थोडे प्रायमर झाल्यावर, उरलेले टॉर्च लावून भिंती तपासल्यावर. हजेरीवरच्या माणसाला आठवड्याचा बाजार करायचा असतो.

• पाऊस संपून भिंती वाळू द्या. आणि दिवाळीच्या तोंडावर धावू नका, तेव्हा सगळं शहर रंगारी शोधत असतं.

• शेडचा नंबर लिहून ठेवा आणि अर्धा लिटर रंग घट्ट झाकण लावून जपा. पुढचा स्विचबोर्ड बदलाल तेव्हा मला दुवा द्याल!